कोरी चकती

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या घरात सुई शोधली जाते. नेहमीची नव्हे, गोधडी शिवायची, मोठ्या नेढ्याची. दादरच्या फूलबाजारातून आणलेला झेंडू वर्तमानपत्रावर पसरलेला असतो आणि माझ्या सासूबाई, वय वर्षे ब्याऐंशी, खिडकीपाशी खुर्ची ओढून दोऱ्याला पहिली गाठ मारतात. दाराला एक हार, देवांना एक, शिलाई यंत्राला एक, आणि गेली तीन वर्षे माझ्या सायकलीला एक. आज संध्याकाळी भोईवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत झेंडूचा तो ओला, किंचित कडवट वास भरला, आणि मला दुसरे काही सुचेनासे झाले. गेल्या वर्षीचा सबंध हिवाळा त्या वासातून उलगडू लागला.

मुंबईला हिवाळा नसतो असे बाहेरगावचे लोक म्हणतात. तो असतो, पण पहाटे पावणेसहा ते साडेसात एवढाच असतो, हे त्यांना ठाऊक नसते. त्या वेळात सायकलीवर बसून परळहून निघावे. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांची शटरे बंद असतात, तरी मिरचीचा ठसका नाकाला लागतोच. भायखळ्याच्या पुढे पावाच्या भट्टीची ऊब एका गल्लीच्या तोंडाशी तुम्हाला गाठते आणि दहा पावलांत सोडून देते. गिरगावात पदपथावर वर्तमानपत्रांच्या पुरवण्या एकमेकींत सरकवण्याचे काम चाललेले असते. आणि चौपाटीच्या वळणावर एकदम वारा बदलतो. कोपरापासून मनगटापर्यंत एक गार रेघ ओढली जाते. हीच आमची थंडी. ती अंगावर घ्यायला लवकर उठावे लागते, इतकेच.

मी एका शाळेत विज्ञान शिकवते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गुडघ्यांसाठी म्हणून सायकल घेतली आणि एक्कावन्नाव्या वर्षी ती गुडघ्यांसाठी उरली नव्हती. आमचा गट लहान आहे. प्रसाद हा माझा जुना विद्यार्थी, आता विमा कार्यालयात काम करतो, दादरला राहतो. फ्रान्सिस हे खोताच्या वाडीतले, साठीचे, बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले. अधूनमधून आणखी दोघे येतात. जगातील सर्वांना 'तू' म्हणण्याचा अधिकार फ्रान्सिस यांनी स्वतःकडे घेतलेला आहे. मला ते 'टीचर' म्हणतात. प्रसादला ते काहीही म्हणतात.

आमची फेरी म्हणजे काय, ते येथे सांगितले पाहिजे. चौपाटीहून निघायचे, वाळकेश्वरच्या रस्त्याने तीन बत्तीला यायचे, तेथे उजवीकडे वळून रिज रोडने हँगिंग गार्डनपर्यंत चढायचे, पलीकडे केम्प्स कॉर्नरला उतरायचे आणि ह्यूज रोडने पुन्हा चौपाटीला. मोटारीत बसलेल्या माणसाला येथे चढ आहे हे जाणवतही नाही. चढ ही गोष्ट पायांनाच कळते. ज्याला घाट चढायचा आहे, त्याने जानेवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत अशा सहा फेऱ्या एका दमात, पाय जमिनीला न टेकता करायच्या, असा आमचा नियम. ज्याला ते जमले तो फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी कसारा घाट सायकलीने चढतो. ज्याला जमले नाही तो टेम्पोत बसतो आणि पाणी व केळी सांभाळतो.

पाय टेकला की नाही, हे पाहायला कोणी नसते. जो तो आपापल्या गतीने चढत असतो. पुढचा वळणापलीकडे गेलेला, मागचा अजून दिसायचा असतो. म्हणून फ्रान्सिस यांनी एक रीत घातली. फेऱ्या संपल्यावर गिरगावात चहाला बसायचे आणि पहिला घोट घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा. शून्य, एक, दोन, जे असेल ते. कारण सांगायचे नाही, फक्त आकडा.

"आमच्यात हे पाद्रीला सांगतात," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "तुमच्यात पाद्री नाय, म्हणून चहाला सांगा. चहा कोणाला बोलत नाय."

मी सांगते आहे त्या हिवाळ्याच्या आदल्या हिवाळ्यात मी टेम्पोत बसले होते. त्यात अपमान नव्हता, असे सर्वांनी मला सांगितले, आणि ते खरेही होते. पण टेम्पोच्या मागच्या फळीवर, केळ्यांच्या दोन फण्या मांडीवर घेऊन बसले असता मला घाटात एक दृश्य दिसले. आम्ही त्यांना ओलांडून पुढे गेलो आणि खाली वळणावर तीन सायकली लहान लहान होत गेल्या. प्रसादने मान वर करून हात हलवला. मीही हलवला. एक केळे निसटून टेम्पोच्या पत्र्यावर पडले आणि वळणावळणाला इकडून तिकडे घरंगळत राहिले. पुढच्या वर्षी मी या फळीवर बसणार नाही, असे मी त्या केळ्याकडे पाहत ठरवले. ठरवण्याची जागा काही फार उदात्त नव्हती, पण ठरवणे पक्के होते.

म्हणून गेल्या वर्षी मी तयारी पद्धतशीर केली. पावसाळा संपताच लालबागच्या सायकलवाल्या दळवीकाकांकडून मागच्या चाकाला दहा दातेरी चकत्यांची नवी जुडी बसवून घेतली. पुढची एक गोष्ट ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. चेन मागच्या मोठ्या चकतीवर गेली की पेडल हलके पडते आणि लहान चकतीवर आली की जड. सर्वांत मोठी चकती चढासाठी असते. ती म्हणजे शेवटचा आधार. तिच्यापलीकडे फक्त चाकाचे स्पोक असतात. चेनने त्यांच्यात जाऊन पडू नये म्हणून एक बारीक स्क्रू तिची सीमा ठरवून देतो.

दसरा आला. सासूबाईंनी हार सीटपासून मागच्या चाकापर्यंत असा झोकदार सोडला की शेजारच्या मुली पाहायला आल्या. "तुझी सायकल नवरी दिसते," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी हार काढला, दोरा तोडला, असे मला वाटले. तो पूर्ण निघाला नव्हता. लालबागच्या सिग्नलपुढे मी हलका गिअर टाकला आणि मागून काहीतरी चावल्यासारखा आवाज आला. दोऱ्याने चेनला ओढले होते, चेन मोठ्या चकतीवरून घसरून स्पोकांत अडकली होती आणि चाक जागच्या जागी थांबले होते. मी डाव्या कुशीवर पडले. मागे बस असती तर हा लेख दुसऱ्या कोणाला लिहावा लागला असता. बस नव्हती. कोपर सोलले आणि हातावर झेंडूच्या चार पाकळ्या चिकटल्या.

त्या दुपारी मी घरी बसून तो बारीक स्क्रू फिरवला. चेन पुन्हा आत पडता कामा नये, एवढेच डोक्यात होते. असे स्क्रू पाव पाव फेऱ्याने फिरवायचे असतात, हे मला माहीत होते. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू मी मुलांना तसाच फिरवायला शिकवते. तरीही मी एक संपूर्ण फेरा दिला. हाताला खरचटलेले असताना पाव फेरा कमी वाटतो. चेन पुन्हा कधीच पडली नाही, म्हणून काम उत्तम झाले अशी मी स्वतःची पाठ थोपटली.

नोव्हेंबर गेला. डिसेंबर आला. पहाटेच्या अंधारात तीन बत्तीला पोहोचताना समोरच्या इमारतींत देवघरांचे दिवे एकेक लागत. चढावर झाडांखाली गारवा साचलेला असे. दोन फेऱ्या आनंदात होत, तिसरी शिस्तीत, चौथी हट्टाने. पाचव्या फेरीत शेवटच्या वळणाआधी मांड्यांत वाळू भरल्यासारखे होई. मागच्या वर्षी ज्या वळणावर मी बसून पेडल मारत असे, तेथे यंदा उभे राहावे लागत होते. हँडलवरचा गिअरचा खटका दाबायचा, एका दाबाला एक चकती, तो अडेपर्यंत दाबायचा, आणि अडला की समजायचे, शेवटचा आधार लागला, आता पाय आणि आपण.

मी वही ठेवली होती. किती वाजता झोपले, रात्री भाकरी की भात, किती फेऱ्या, कुठे पाय टेकला. नाचणीचे सत्त्व सुरू केले. लोहाच्या गोळ्या घेतल्या. दर शनिवारी चेन पुसली, चकत्या जुन्या टूथब्रशने घासल्या. सर्वांत मोठी चकती मात्र न घासताही लखलखीत असे. तिच्याकडे पाहून मला माझ्या स्वच्छतेचे कौतुक वाटे. चहाच्या वेळी माझा आकडा कधी दोन, कधी तीन, कधी एक.

"टीचर, तू खातेस काय?" फ्रान्सिस विचारत.

"सगळं."

"मग झोपतेस काय?"

"प्रसादच्या बॅचचे पेपर तपासायची तेव्हा झोपायचे त्यापेक्षा जास्त."

"माझं नाव कशाला बाई," प्रसाद म्हणे. "मी तेव्हाही नापासच होतो." मग थोडा वेळ घुटमळून त्याने एकदा म्हटले, "बाई, तुम्ही यंदाही टेम्पोत आलात तरी चालेल हां. म्हणजे, वय पण बघायला पाहिजे ना. तुमचं नाही, जनरली."

तो प्रेमाने बोलला होता. म्हणूनच ते वाक्य आत जाऊन बसले. त्या रात्री वहीत निष्कर्ष या शब्दाखाली मी लाल शाईने एकच शब्द लिहिला: वय. लिहिल्यावर बरेही वाटले, हे कबूल करते. वय हे उत्तर फार सोयीचे असते. ते कोणी तपासून पाहत नाही. समोरचा लगेच मान डोलावतो आणि आपणही. वर्गात एखादा मुलगा प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देऊ लागला तर मला संशय येतो. येथे आला नाही.

पण लाल शाईखाली एक ओळ मोकळी होती. तिथे मी पेन्सिलीने लिहिले: तरीही सहा.

जानेवारीचा शेवटचा रविवार. समुद्रावर धुके होते आणि चौपाटीची वाळू ओल्या राखेच्या रंगाची दिसत होती. पहिल्या पाच फेऱ्या पाय न टेकता झाल्या. सहावीला तीन बत्तीहून वळले तेव्हा मी शाळेतले पाढे म्हणत होते. सतराचा पाढा, कारण तो लक्ष ठेवून म्हणावा लागतो. सतरा सत्ते एकशे एकोणीस. शेवटचे वळण. प्रसाद पुढे दिसेनासा झालेला, फ्रान्सिस अजून वळणाखाली. खटका दाबला, तो अडला. सतरा आठे. सायकल थरथरली, जवळजवळ उभी राहिली, आणि माझा डावा बूट डांबरावर टेकला. एका श्वासापुरता. मग मी पेडल मारून वर गेले. एक कावळा सोडला तर कोणी पाहिले नाही.

उतारावर वारा कानांत भरला होता. केम्प्स कॉर्नरपर्यंत मी एक विचार करत आले. हे टेकणे होते की नुसते लागणे? ह्यूज रोडला तो विचार मी सोडून दिला. परीक्षेत मुले असे युक्तिवाद करतात आणि मी ऐकत नाही.

चहा आला. प्रसाद म्हणाला, "शून्य." फ्रान्सिस म्हणाले, "शून्य, देवाची कृपा." मग दोघे माझ्याकडे पाहू लागले. पाच फेऱ्यांनंतरही मी किती ताजी होते ते प्रसादने पाहिले होते, त्यामुळे त्याचा चेहरा आधीच उजळला होता.

"एक," मी म्हणाले.

प्रसादने कपातला चमचा बाहेर काढून पुन्हा आत ठेवला.

"कुठे?" फ्रान्सिस यांनी विचारले. कारण विचारायचे नाही असा नियम त्यांचाच होता.

"शेवटच्या वळणावर."

"तिथे तर कोण नव्हतं, टीचर."

"मी होते की."

त्यांनी मान हलवली आणि चहा प्यायला सुरुवात केली. मीही प्यायले. तो चहा मला अजून आठवतो. आले जास्त पडले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकल दळवीकाकांकडे नेली. आता घाट नव्हता, तेव्हा नीट साफ करून ठेवावी एवढाच हेतू. त्यांचे दुकान म्हणजे लालबागमधल्या एका जिन्याखालची जागा. मालवणहून येऊन त्यांना चाळीस वर्षे झाली, पण बोली त्यांनी गावाहून आणली ती बदललेली नाही. त्यांनी सायकल खुंटीला टांगली, पेडल हाताने फिरवले आणि खटका दाबत गेले. मग थांबले. चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"बाई, ही मोठी चकती कधी वापरलास?"

"रोज. चढावर तीच तर लागते."

"हिका चेन लागलीच नाय कधी. बघा. कोरी करकरीत आसा."

मी वाकून पाहिले. नऊ चकत्यांच्या दातांवर काळपट, घासलेली कड आली होती. दहावी दुकानातून आणल्यासारखी होती. तिच्या मागे, स्पोकांच्या मुळाशी, दोऱ्याचा एक वाळलेला तुकडा आणि झेंडूची तपकिरी पाकळी अडकली होती.

"ह्या स्क्रूक कोणी हात लावल्यान?"

"मी."

"किती फिरवलास?"

"एक फेरा."

काकांनी पाना खाली ठेवला. "पाव पुरे होतो गे बाई. एक फेरो म्हणजे दाराक भायरसून कुलूपच."

दहा चकत्यांना नऊ खटके. मी आठ वाजवत होते आणि मोजत नव्हते. जिने चार महिने झोप मोजली, भाकऱ्या मोजल्या, गोळ्या मोजल्या, तिने खटके मोजले नव्हते. जेथे हात अडला तेथे शेवट आहे असे तिने गृहीत धरले होते. अडण्याची जागा तिनेच ठरवली होती, हे ती विसरली होती.

काकांनी स्क्रू सोडला. चेन चढली. एक भरीव, गोल आवाज झाला, जो मी त्या हिवाळ्यात एकदाही ऐकला नव्हता.

प्रसादला फोन केला तेव्हा तो बराच वेळ हसला आणि मग एकदम गंभीर झाला. "बाई, आठवीत स्प्रिंगकाट्याचं शून्य न बघता वजन लिहिलं म्हणून तुम्ही मला सगळा प्रयोग परत करायला लावला होता."

"आठवतं."

"मग तुमचा परत नको करायला?"

"पहिलं वाचन खोडायचं नाही पण. एक ते एकच."

"खोडू नका. खाली दुसरं लिहा."

गुरुवारी मी शाळेतून पहिल्या दोन तासांची सवलत घेतली आणि एकटीच निघाले. धुके नव्हते. आकाश तीन बत्तीच्या वर धुतलेल्या पाटीसारखे होते. सहाव्या फेरीच्या शेवटच्या वळणावर खटका दाबला, आणखी एकदा दाबला, आणि तो आवाज आला. पेडल हलके झाले असे म्हणणार नाही. सहाव्या फेरीत काहीच हलके नसते. पण ते फिरत राहिले. सतरा आठे एकशे छत्तीस, सतरा नव्वे एकशे त्रेपन्न, आणि वर हँगिंग गार्डनच्या फाटकाशी माळी पाइप लावत होता. पाय कुठेच टेकला नव्हता.

तो आकडा शनिवारी सांगितला. जानेवारीचा शेवटचा रविवार उलटून गेला होता, साक्षीदार नव्हता, हे सर्व मीच स्पष्ट केले आणि म्हणाले की निर्णय तुमचा. फ्रान्सिस यांनी कपातून वर पाहिले.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण मग केळी कोण सांभाळणार?"

कसाऱ्याला टेम्पोतून सायकली उतरवल्या तेव्हा डोंगराच्या कडेला उजेडाची नुसती रेघ होती. त्या घाटाविषयी लोक पुष्कळ सांगतात, दऱ्या, धुके, माकडे. मला आठवतो तो ट्रकच्या तापलेल्या ब्रेकचा वास, रस्त्याच्या कडेचे कोरडे गवत आणि माझ्या स्वतःच्या श्वासाचा, करवतीसारखा, सारखा चालणारा आवाज. ती शेवटची चकती मी तीन वेळा वापरली. तिसऱ्या वेळी टेम्पो मला ओलांडून गेला. मागच्या फळीवर फण्या एकट्याच बसल्या होत्या. मी हात हलवला नाही. दोन्ही हात कामात होते.

वर घाटनदेवीच्या देवळापाशी चहा घेण्यापूर्वी आकडे झाले. फ्रान्सिस, शून्य. मी, शून्य. प्रसादने घसा साफ केला.

"एक. ट्रकने कट मारला. पण एक."

"कारण सांगायचं नाय," फ्रान्सिस म्हणाले, आणि स्वतःचे केळे त्याला दिले.

जड गिअरवर चार महिने चढल्यानेच तुझे पाय घडले, असे फ्रान्सिस यांचे मत आहे. मला ते मान्य नाही. तसे सिद्ध करायला तुलनेसाठी दुसरी मी हवी होती, मोठी चकती वापरणारी. ती नव्हती. चूक ही चूकच होती, आणि तिला मागाहून गुरू करून हार घालणे मला जमत नाही. मी एवढेच केले की वहीतला तो लाल शब्द खोडला नाही. त्यापुढे प्रश्नचिन्ह दिले. वय आहेच. पण ते किती आहे हे मला आता खटके मोजून पाहायचे आहे.

हे सर्व मी सासूबाईंना सांगितले नव्हते. आज हार ओवताना त्यांनीच विषय काढला. प्रसाद परवा येऊन गेला, तेव्हा तो बोलून गेला असावा.

"माझ्या हारामुळे झालं का गं ते सगळं?"

"हारामुळे चेन एकदा पडली, आई. पुढचे चार महिने माझ्या स्क्रूमुळे."

त्यांनी सुई थांबवली, थोडा विचार केला. "मग यंदा पुढे बांधू, की मागेच?"

"मागेच बांधा. परवा पहाटे काढताना मी दोरा मोजून घेईन."

"मोज हो. मी सव्वा हात घेतलाय."

आता त्या झोपल्या आहेत. हार सीटवरून खाली सोडलेला आहे. त्याचे टोक सीटवर टाकून, मागचे चाक जरा उचलून मी पेडल हाताने फिरवते आणि खटके मोजते. सात. आठ. नऊ. चेन सर्वांत वर जाऊन बसते. दिव्याखाली ती चकती पाहते. तिच्या दातांवर आता काळपट कड आली आहे, बाकीच्या नऊ चकत्यांसारखीच.